घरगुती चॅसी डायनो: जडत्व कसे मोजावे आणि आकडा कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे, आणि तो चॅसी डायनोचा, म्हणजे गाडीचे चाक ड्रमवर फिरवून चाकावरची शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा आहे. वर्कशॉपमागच्या शेडमध्ये तुम्ही मोटरसायकलसाठी एका ड्रमचा चॅसी डायनो बांधला आहे. ड्रम ४०० मिमी बाह्य व्यासाच्या आणि ३० मिमी जाडीच्या सीमलेस पाइपचा असून लांबी ७०० मिमी आहे. दोन्ही टोकांना २५ मिमीच्या प्लेटा वेल्ड केल्या आहेत, मधून ६० मिमीचा शाफ्ट जातो आणि एकूण वजन सुमारे २५० किलो आहे. बल मोजणारा लोड सेल किंवा ड्रमला चुंबकाने रोखणारा एडी करंट ब्रेक नाही, म्हणजे हा निव्वळ जडत्वावर चालणारा डायनो आहे: ड्रम किती झपाट्याने वेग घेतो यावरून तो शक्ती काढतो. त्यावर पल्सर एनएस २०० चढवली तेव्हा मागच्या चाकावर २७.३ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) दिसले आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीचे २४ दिसले. कंपनीचा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या दांड्यावरचा, आकडाच मुळात २४.५ पीएस आहे. दुसऱ्या शहरातल्या एका तयार डायनोवर याच गाडीने २०.८ दिले होते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ०.७६ हा गुणक टाकून विषय संपवावा का, असे तुम्ही विचारले आहे.

टाकू नका. माझ्या पहिल्या ड्रमच्या वेळी मी नेमके हेच केले होते. ज्या डायनोवरून मी गुणक उचलला, त्याचा तापमानाचा सेन्सर रेडिएटरमागच्या गरम हवेत लोंबत होता, त्यामुळे तिथला प्रत्येक आकडा फुगलेला होता, हे मला आठ महिन्यांनी कळले. तोवर साठेक गाड्यांचे कागद माझ्या सहीने बाहेर गेले होते. दुसऱ्याच्या यंत्रावरून घेतलेला गुणक त्याच्या चुका आपल्या यंत्रात आणतो, आणि शिवाय आपल्या चुका झाकून ठेवतो. जडत्वाच्या डायनोला अशा उसनवारीची गरजच नसते, कारण त्याचा आकडा फक्त वजन, लांबी आणि वेळ या तीन गोष्टींतून येतो आणि या तिन्ही गोष्टी कोल्हापूर-सांगलीकडच्या कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये नीट मोजता येतात.

ड्रमचे जडत्व-आघूर्ण (फिरण्याचा वेग बदलायला तो किती विरोध करतो याचे माप; पुढे नुसते जडत्व), त्याचा कोनीय वेग आणि कोनीय त्वरण यांचा गुणाकार म्हणजे ड्रमला मिळालेली शक्ती. तुमच्या शीटमध्ये जडत्व-आघूर्णाच्या जागी १० हा गोल आकडा आहे, आणि तो कुठून आला हे ओळखायला वेळ लागत नाही: २५० किलो गुणिले ०.२ मीटरचा वर्ग. म्हणजे सगळे वजन ड्रमच्या बाहेरच्या कडेवर बसले आहे असे तुम्ही धरले. प्रत्यक्षात तसे नाही. पोलादाची घनता ७८५० धरली तर पाइपचे वजन १९१.६ किलो येते, आणि आतल्या व बाहेरच्या त्रिज्यांच्या वर्गांच्या बेरजेला निम्म्या वजनाने गुणले की त्याचे जडत्व ६.६० किलो-मीटर वर्ग मिळते. दोन्ही प्लेटा मिळून ३४.५ किलो भरतात, पण त्यांचा वाटा फक्त ०.५१ आहे. शाफ्ट २४ किलोंचा असूनही त्याचा वाटा ०.०१ इतका नगण्य आहे, कारण त्याचे सारे वजन अक्षाला चिकटून आहे. एकूण बेरीज ७.१३ होते. तुम्ही १० लिहिल्यामुळे आकडा ४० टक्के फुगला. उलट काही जण भरीव दंडगोलाचे सूत्र लावून ५ लिहितात आणि मग गाडी मेली म्हणून कार्बोरेटर उघडून बसतात.

मात्र कागदावरचे ७.१३ हेही अंतिम समजू नये. सीमलेस पाइपची जाडी नाममात्र जाडीपेक्षा साडेबारा टक्क्यांपर्यंत कमी असली तरी तो माल प्रमाणित मानला जातो, आणि आपण बाहेरून टर्निंग करतो तेव्हा आतले भोक बाहेरच्या वर्तुळाशी समकेंद्री राहीलच असे नाही. म्हणून ड्रम बेअरिंगवर चढवण्याआधी त्याचे वजन करायला हवे होते. केले नसेल तर एकदा उतरवून करा. ट्रकच्या वजनकाट्यावर मात्र नेऊ नका, कारण तिथली पायरी पाच-दहा किलोंची असते आणि २५० किलोंमध्ये दहा किलो म्हणजे चार टक्के होतात. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा प्लॅटफॉर्म काटा किंवा क्रेनला टांगायचा काटा कोणत्याही फाउंड्रीत मिळतो. वजन हिशेबापेक्षा कमी भरले तर पाइप आतून पातळ आहे असे समजावे आणि त्या वजनावरून आतली त्रिज्या उलट काढावी.

यापुढे ड्रम फिरवण्याचे काम येते, म्हणून धोक्याविषयी आधीच सांगतो. ताशी १३० किलोमीटरला तुमचा ड्रम मिनिटाला १७२४ फेरे घेतो आणि त्यात सुमारे ११६ किलोज्यूल ऊर्जा साठते. एक टनाची मोटार बारा मीटर उंचीवरून सोडावी तेवढी. या वेगाला पाइपमध्ये येणारा ताण जेमतेम १० मेगापास्कल असतो, त्यामुळे ड्रम फुटण्याची भीती नसते. भीती असते ती प्लेटांच्या वेल्डची, बेअरिंगच्या सैल ग्रब स्क्रूची आणि असंतुलनाची. बॅलन्सिंग जी २.५ या प्रमाणित अचूकतेच्या श्रेणीचे करून घ्या. तुमच्या वजनाला आणि वेगाला त्याचा अर्थ असा की ड्रमच्या परिघावर प्रत्येक टोकाला आठ-नऊ ग्रॅमपेक्षा जास्त तफावत राहू नये. ब्लोअरचे रोटर जिथे बॅलन्स करतात तिथे हे काम होते. ड्रमवर जाळी हवी, चाकाच्या रेषेत मागे कोणी उभे राहू नये, आणि सायलेन्सरचा धूर पाइपने शेडबाहेर काढावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता मुख्य चाचणी, जी मी प्रत्येक ड्रमवर करतो: पडत्या वजनाची. ड्रमवर ४ मिमीची बारीक वायर रोप दीड वेढा गुंडाळावी, तिचे टोक घसरून आपोआप सुटेल अशा खुंटीवर अडकवावे, आणि दुसऱ्या टोकाला आधी १० आणि मग २० किलोचे वजन बांधून ते दीड मीटर खाली सोडावे. खाली वाळूचे पोते ठेवावे आणि पाय लांब ठेवावेत. वजने प्रमाणित असावीत. व्यायामशाळेतल्या प्लेटवर छापलेला आकडा आणि तिचे खरे वजन यांत मी पाच टक्क्यांचा फरक पाहिला आहे.

दोन वजने का, हे समजून घेतले तर चाचणीचे मर्म कळते. एकाच वजनाने चाचणी केली तर बेअरिंगचे घर्षण जडत्वात मिसळते आणि ड्रम खऱ्यापेक्षा जड वाटतो. दोन वजनांची समीकरणे एकमेकांतून वजा केली की घर्षण, जे दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच असते, गळून पडते. माझ्याकडे तुमच्यासारखाच एक ड्रम आहे. त्यावर १० किलोला २.४४ सेकंद लागले आणि २० किलोला १.७५ सेकंद, म्हणजे त्वरणे अनुक्रमे ०.५०४ आणि ०.९८० मीटर प्रति सेकंद वर्ग झाली. प्रत्येक वजनासाठी गुरुत्वत्वरणातून त्याचे त्वरण वजा करून त्याला वजनाने गुणले, दोन गुणाकारांचा फरक घेतला आणि त्याला त्वरणांच्या फरकाने भागले, तेव्हा समतुल्य वस्तुमान १७५ किलो आले. त्याला दोराच्या त्रिज्येच्या वर्गाने गुणल्यावर जडत्व ७.१४ मिळाले, हिशेबाचा आकडा ७.१३ होता.

येथे एक बारकावा आहे, ज्यात माझे दोन दिवस गेले होते. दोराची त्रिज्या म्हणजे ड्रमची त्रिज्या नव्हे. बल दोराच्या मध्यातून जाते, म्हणून त्रिज्या २०० नसून २०२ मिमी धरावी लागते. त्या दोन मिलिमीटरांचा वर्ग झाला की दोन टक्के फरक पडतो. मी आधी २०० धरले होते आणि ७.०० पाहून वेल्डिंगवाल्याच्या मापांवर संशय घेत बसलो होतो. गुरुत्वत्वरण ९.८१ न धरता ९.७८ धरावे, कारण आपल्या अक्षांशावर आणि उंचीवर ते तेवढेच आहे. फरक लहान असला तरी फुकटात मिळणारी अचूकता सोडू नये. आणि हातात स्टॉपवॉच घेऊन ही चाचणी करू नये. १.७५ सेकंदांत अंगठ्याची एक दशांश सेकंदाची चूक त्वरणात अकरा टक्क्यांची चूक घालते. ड्रमच्या कडेला कागदाच्या सोळा समान पट्ट्या चिकटवून ऑप्टिकल सेन्सरने वेळ नोंदवावी, आणि प्रत्येक वजन किमान पाच वेळा सोडून सरासरी घ्यावी.

वेळेच्या मोजणीकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात, आणि जडत्वाच्या डायनोत वेळ हीच सर्वात महाग गोष्ट आहे. कोनीय वेग वेळेच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि त्वरण वेळेच्या वर्गाच्या, म्हणून शक्ती वेळेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जाते. घड्याळ अर्धा टक्का चुकले तर शक्ती दीड टक्का चुकते. वेळ नोंदवायला तुम्ही वापरता त्या आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याची चूक तेवढी असू शकते. तपासणी अगदी सोपी आहे. बोर्डला तासभर मिलिसेकंद मोजू द्यावेत आणि मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहावे. तासाला अठरा सेकंदांचा फरक म्हणजे अर्धा टक्का. शक्यतो क्रिस्टल असलेला बोर्ड घ्यावा.

वेग मोजणाऱ्या सेन्सरसाठी ड्रमवर लावलेले तुमचे साठ दातांचे चाक काढून टाका, किंवा साठातला एकच दात मोजा. जास्त दात म्हणजे जास्त अचूकता असे वाटणे साहजिक आहे, पण हिशेब उलटा आहे. ताशी १०० किलोमीटरला चाकावर २० पीएस असतील तर तुमचा ड्रम एक फेरा सुमारे ४५ मिलिसेकंदांत घेतो आणि पुढचा फेरा त्याहून साधारण २१७ मायक्रोसेकंदांनी लवकर संपवतो. उनोच्या मायक्रोसेकंद मोजणीची पायरी ४ मायक्रोसेकंदांची आहे, म्हणजे दर फेऱ्याला दोनेक टक्के खडखडाट, जो सरासरीने सहज शांत होतो. साठ दातांवर मात्र लागोपाठच्या दोन दातांमधला फरक ०.०६ मायक्रोसेकंद असतो. चार मायक्रोसेकंदांच्या पायरीने तो दिसणारच नाही. शिवाय लेझर कटिंगचे दात एकमेकांपासून अचूक सारख्या अंतरावर नसतात, आणि तो असमानपणा आलेखात करवतीसारखा उमटतो. मग तो दाबायला लोक एवढे स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणे) लावतात की खरा टॉर्कचा खड्डाही त्यात पुसला जातो.

बेअरिंगच्या घर्षणावर फार वेळ घालवू नये. वरच्या वजनाच्या चाचणीतूनच ते बाहेर पडते: माझ्या ड्रमवर ते सुमारे एक न्यूटन-मीटर निघाले, म्हणजे ताशी १०० ला ०.२ पीएसच्या आसपास. पडताळणीसाठी अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरला रबरी चाक लावून ड्रम ताशी साठपर्यंत फिरवावा, मोटर मागे घ्यावी आणि ड्रम किती हळू थांबतो हे नोंदवावे. गाडीने ड्रम फिरवून मग गाडी उचलण्याचा खटाटोप कोणीही करू नये. बेअरिंग थंड असताना ग्रीस घट्ट असते, म्हणून आधी दहा मिनिटे फिरवून घ्यावे. हे घर्षण शक्तीत मिळवणे योग्य आहे, कारण ते यंत्राचे आहे. पण क्लच दाबून केलेल्या कोस्टडाऊनमधून, म्हणजे चाक आणि ड्रम आपोआप मंदावताना केलेल्या मोजणीतून, टायरचे आणि गिअरबॉक्सचे नुकसान मिळवून क्रँकचा आकडा छापणे मला पटत नाही. ताणाखाली टायर जेवढी ऊर्जा खातो तेवढी तो मोकळा फिरताना खात नाही. चाकावरचा आकडा चाकावरचा म्हणूनच लिहावा.

आता हवामानाची दुरुस्ती, जिथे दख्खनच्या पठारावरचे बहुतेक घरगुती डायनो फसतात. वेगवेगळ्या हवेतले आकडे एकाच प्रमाणित हवेवर आणणाऱ्या एसएई जे १३४९ या मानकाची पद्धत अशी: ९९० हेक्टोपास्कलला कोरड्या हवेच्या दाबाने भागावे, केल्विनमधल्या तापमानाला २९८ ने भागून त्याचे वर्गमूळ घ्यावे, दोन्हींचा गुणाकार १.१८ ने गुणावा आणि त्यातून ०.१८ वजा करावे. यातला दाब तुमच्या शेडमधला हवा. मोबाइलच्या हवामान ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणलेला असतो. कोल्हापूर-पुण्याच्या साडेपाचशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर खरा दाब साधारण ९४५ असताना ॲप १०१० दाखवते. तीस अंश आणि साठ टक्के आर्द्रतेला बाष्पाचा दाब सुमारे २५ हेक्टोपास्कल असतो. तो वजा करून खऱ्या दाबाने गुणक १.१० येतो आणि ॲपच्या दाबाने १.०२. एका चुकीच्या आकड्याने आठ टक्के गेले. शंभर-दोनशे रुपयांचा बीएमपी २८० सेन्सर शेडमध्ये, एअर फिल्टरजवळ पण इंजिनच्या गरम हवेपासून दूर, लावला की हे संपते. एसएईच्याच जुन्या जे ६०७ पद्धतीने आकडा सुमारे चार टक्के जास्त येतो, म्हणून दोन डायनोंची तुलना करताना कोणती पद्धत लावली हे आधी विचारावे.

तुमच्या २७.३ वर हेच गणित करून पाहू. शीटमध्ये हवामानाची दुरुस्ती नव्हती. १० ऐवजी ७.१३ घेतले की १९.५ पीएस राहतात, आणि वरच्या उदाहरणातल्या हवेचा १.१० लावला की २१.४ होतात. तयार डायनोवरच्या २०.८ शी हे बरे जुळते, आणि नेमके म्हणूनच ०.७६ चा गुणक फसवा ठरला असता: त्यात तुमच्या जडत्वाची कायमची चूक आणि त्या दिवशीची हवा एकत्र गुंडाळलेली आहे. मे महिन्याच्या दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी तो वेगवेगळ्या प्रमाणात चुकला असता.

राहिला प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या २४ चा. बारा टक्क्यांची ती घट ड्रमच्या जडत्वामुळे असू शकत नाही, कारण ड्रम रात्रीतून बदलत नाही. मी आधी रॅचेट बेल्ट, म्हणजे गाडी ड्रमवर आवळून धरणारा पट्टा, पाहीन. चारशे मिमीच्या ड्रमवर टायर रस्त्यापेक्षा खूप जास्त वाकतो, आणि बेल्ट दोन दाते जास्त ओढला की टायरमध्येच शक्ती उष्णता होऊन जाते. रन (डायनोवरची एक चाचणी-फेरी) संपल्यावर टायरला हात लावून पाहा. बेल्टला साधा स्प्रिंग काटा लावून ताण दर वेळी सारखा ठेवा, टायरची हवा प्रत्येक रनआधी थंड असताना मोजा, आणि एकच गिअर वापरा. खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने चढते आणि क्रँक व चाकाचे स्वतःचे जडत्व शक्ती गिळते, म्हणून तिथे आकडा कमी दिसतो. तुमच्या छायाचित्रात रेडिएटरसमोर टेबल फॅन दिसतो; तो या कामाचा नाही. कूलंट आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान प्रत्येक रनला नोंदवलेत तर घट कुठून आली हे बहुधा तिथेच दिसेल.

ड्रमला माहीत असलेल्या जडत्वाची रिंग बोल्ट करून तीच गाडी पुन्हा चालवणे ही निर्णायक कसोटी आहे, असे तुम्ही कुठेतरी वाचल्याचे लिहिले आहे. तत्त्व बरोबर आहे. जडत्व बदलले तरी शक्ती बदलू नये. पण ३८० मिमी व्यासाची, ४० मिमी जाडीची, मध्ये ८० मिमी भोक असलेली रिंग ३४ किलोंची होते आणि तिचे जडत्व फक्त ०.६४ असते. तुमच्या ७.१३ च्या जागी चुकून १० लिहिलेले असताना ही रिंग लावली, तर ४० टक्क्यांच्या चुकीने आकडा फक्त २.४ टक्क्यांनी हलतो. रनमधली नेहमीची तफावतच एक-दोन टक्क्यांची असते, त्यात हे बुडून जाते. कसोटीला अर्थ यावा इतके जडत्व वाढवायचे तर दुसरा ड्रमच जोडावा लागेल. त्या रिंगचे पैसे प्रमाणित वजनांवर आणि क्रेनच्या काट्याच्या भाड्यावर घालवा. वजनाच्या चाचणीतले पाच-पाच रन आणि बोर्डच्या तासाभराच्या घड्याळ-तपासणीचा फरक पाठवलात, तर तुमच्या ड्रमचे जडत्व दुसऱ्या दशांशापर्यंत काढून देता येईल.